जुन्या बँडचा संक्रमणकाळातील अल्बम कसा ऐकावा: डीप पर्पलचा ‘बनानाज’

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या हाती ‘बनानाज’ नावाचा रॉक अल्बम पडला, तर त्याला आधी हसू येते. माझ्या चोपड्याच्या मामांनी मुखपृष्ठावरील केळ्यांचा ढीग पाहून प्रथम “काय शे हाई?” असे विचारले आणि मग इतकी केळी अशी रचून नेली तर खालची दबून काळी पडतील, असा निर्णयही देऊन टाकला. गाण्यांविषयी त्यांचे काही म्हणणे नव्हते. माझे मात्र होते, आणि ते चुकीचे होते. तो अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यात नसलेल्या एका वादकाला शोधत बसलो, तो सापडला नाही म्हणून रागावलो आणि पुढची दोन वर्षे डिस्क कपाटात ठेवून दिली. ती चूक इतरांनी करू नये, यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. पद्धत एकाच अल्बमच्या आधारे सांगितली असली, तरी ज्या जुन्या बँडमधील महत्त्वाचा माणूस गेला आहे आणि उरलेल्यांनी काम पुढे चालू ठेवले आहे, अशा कोणत्याही बँडच्या त्या काळातील अल्बमला ती लागू पडते.

प्रथम बदल नेमका कोणता झाला, हे कागदावर मांडून घ्यावे. डीप पर्पल हा बँड 1968 मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाला. गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर 1969 मध्ये त्यात आले, 1973 मध्ये गेले, 1984 मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा परतले, आणि गिलन तर त्यानंतरही एकदा बाहेर जाऊन परत आले. गिटारवादक रिची ब्लॅकमोर 1975 मध्ये गेले, 1984 मध्ये परतले आणि 1993 च्या दौऱ्यातून कायमचे निघून गेले; त्यांच्या जागी 1994 मध्ये अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह मॉर्स आले. इतक्या उलथापालथीत दोघे जण मात्र बँड जिवंत असताना कधीच बाहेर पडले नव्हते: ड्रमवादक इयन पेस आणि ऑर्गनवादक जॉन लॉर्ड. त्यांपैकी लॉर्ड 2002 मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉन एरी आले. ऑगस्ट 2003 मध्ये प्रकाशित झालेला ‘बनानाज’ हा एरी यांच्यासह केलेला पहिला अल्बम होय. याचा अर्थ असा की, हा अल्बम हाती घेताना श्रोत्यासमोर एक नव्हे, दोन बदल असतात: गिटारचा बदल, जो तोवर नऊ वर्षे जुना आणि मुरलेला होता, आणि ऑर्गनचा बदल, जो अगदी ताजा होता. हे दोन्ही एकात मिसळले की श्रोता सगळा दोष नव्या माणसाच्या माथी मारतो. मीही तेच केले होते; मला खुपत होती ती गिटार, आणि शिव्या मात्र एरींना पडत होत्या.

पूर्वतयारीसाठी दोन अल्बम आधी ऐकावेत, त्याहून अधिक नकोत. पहिला ‘मशीन हेड’, 1972 चा. दुसरा ‘पर्पेंडिक्युलर’, 1996 चा, म्हणजे मॉर्स आल्यानंतरचा आणि लॉर्ड अजून असतानाचा. या दोहोंमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. एकाच रात्री तीन अल्बम ऐकून तुलना करणारे लोक मला भेटलेले आहेत. त्यांना शेवटी आवाजाच्या थकव्याखेरीज काही आठवत नाही. ‘मशीन हेड’मधील जे गाणे सर्वांना तोंडपाठ आहे ते, म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’, या कामासाठी उपयोगाचे नाही. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे फ्रँक झप्पा यांच्या कार्यक्रमात कॅसिनोला लागलेली आग आणि तिचा तळ्यावर पसरलेला धूर, ही त्या गाण्याची कथा प्रसिद्धच आहे, परंतु ते इतक्या वेळा कानांवरून गेलेले असते की त्यातील ऑर्गन आपण ऐकतच नाही. त्याऐवजी ‘लेझी’ लावावे. ते सुरू होते तेच लॉर्ड यांच्या एकट्या ऑर्गनने, आणि आपल्याला कानात साठवायचा आहे तो हाच आवाज.

ऑर्गन आणि गिटार वेगळे कसे ओळखावेत

या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढची सारी पद्धत त्यावर उभी आहे, आणि आमच्या भागात रॉक ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना ही दोन वाद्ये एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. लॉर्ड हे हॅमंड ऑर्गन वाजवत असत. या वाद्यात हवा नसते, तारा नसतात. दातेरी कडांची लहान धातूची चक्रे विद्युतचुंबकांसमोर फिरतात आणि त्यांतून स्वराचा विद्युतसंकेत तयार होतो. सामान्यतः हा संकेत फिरत्या भोंग्याच्या लेस्ली नावाच्या स्पीकरमधून ऐकवला जातो, आणि त्यामुळे त्याला तो ओळखीचा हेलकावा मिळतो. लॉर्ड यांनी मात्र आपला ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला, त्यामुळे त्याचा आवाज फाटून गुरगुरू लागला आणि गिटारच्या शेजारी बरोबरीने उभा राहिला. बँडचा तो भरीव, एकजीव आवाज बऱ्याच अंशी या जोडणीतून आला आहे.

वेगळे ओळखण्याची खूण घरातल्या पेटीवरून समजून घ्यावी. पेटीची पट्टी दाबून भाता चालू ठेवला, तर स्वर हवा तितका वेळ तसाच टिकतो. पट्टी सोडताच तो तुटतो. हॅमंडचेही तसेच आहे: पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर क्षीण होत नाही आणि सोडल्यावर रेंगाळत नाही. गिटारची तार छेडल्यावर आधी आघात ऐकू येतो आणि मग स्वर हळूहळू विरत जातो. अॅम्प्लिफायर कितीही कर्कश लावला तरी आरंभीचा तो आघात पूर्णपणे लपत नाही. म्हणून गोंगाटात संशय आला की स्वराच्या मध्यावर लक्ष न देता त्याच्या सुरुवातीवर आणि शेवटावर द्यावे. ‘लेझी’ चार-पाच वेळा या रीतीने ऐकल्यावर कान तयार होतो. ज्यांच्या घरी भजनी मंडळाची पेटी आहे, त्यांना एवढेही लागत नाही.

दुसरी खूण वादकाच्या स्वभावाची आहे. लॉर्ड यांच्यावर युरोपीय अभिजात संगीताचा संस्कार होता. बँड आणि सिंफनी वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांनी लिहिलेली रचना 1969 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर झाली होती. ‘हायवे स्टार’मधील त्यांच्या एकल वादनात त्या संस्काराची शिस्त ऐकू येते. परंतु त्यांचे मोठे काम एकल वादनाबाहेरचे आहे. गायन चालू असताना ते खाली जो ठेका धरून राहतात, तो जणू दुसऱ्या गिटारवादकाचा असतो. ‘पर्पेंडिक्युलर’ ऐकताना नेमके हे शोधावे: गिटारवादक बदलल्यावर लॉर्ड यांनी आपले काम किती बदलले? माझ्या कानांना असे वाटते की ते बरेच मागे सरकले, कारण मॉर्स यांची गिटार अधिक विणीची आहे आणि तिला मोकळी जागा लागते. म्हणजे ऑर्गनची माघार लॉर्ड जाण्याच्या सहा वर्षे आधीच सुरू झाली होती. हे एकदा ऐकू आले की ‘बनानाज’विषयीची निम्मी तक्रार आपोआप गळून पडते.

जागा आणि वेळ

खान्देशात उन्हाळ्यात ऐकत असाल तर कूलर बंद करावा. ही गंमत म्हणून केलेली सूचना नाही. डेझर्ट कूलरच्या पंख्याची घरघर आणि ऑर्गनचा खालचा पट्टा कानात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कूलरसमोर बसून ऐकणाऱ्याला हा अल्बम गिटार आणि ड्रम यांचाच वाटतो. मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणे हा स्वतःवर अत्याचार आहे, म्हणून रात्री दहानंतर गच्चीवर बसावे. गल्लीत लग्नाची मिरवणूक असेल तर तो दिवस सोडून द्यावा, कारण आमच्याकडच्या लग्नाच्या बँडपुढे कोणत्याही इंग्रजी बँडचा टिकाव लागत नाही. कानांवर पूर्ण बसणारे साधे हेडफोन पुरेसे आहेत. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र हा अल्बम ऐकू नये; त्यात ग्लोव्हर यांचा बास जवळजवळ नाहीसाच होतो.

तीन वेळा ऐकणे

अल्बम सुमारे 50 मिनिटांचा आहे आणि त्यात बारा रचना आहेत. पहिल्या वेळी तो सलग, दिलेल्या क्रमाने आणि कोणतेही मत न बनवता ऐकावा. गाण्यांची नावेसुद्धा पाहू नयेत. ऐकून झाल्यावर फक्त कोणत्या दोन-तीन ठिकाणी लक्ष आपोआप वेधले गेले, एवढेच वहीत लिहावे.

दुसऱ्या वेळी केवळ ऑर्गन आणि इतर कळफलक वाद्यांचा माग काढावा. इथे एक सवय मोडावी लागते. आपण ‘लॉर्ड असते तर इथे काय वाजवले असते’ असे मनात धरून ऐकतो, आणि एरींचे प्रत्येक वाक्य त्या काल्पनिक वाक्याशी ताडून पाहतो. त्या कल्पनेतले लॉर्ड नेहमीच जिंकतात, कारण ते 1972 मधलेच असतात आणि त्यांना प्रत्यक्षात काहीच वाजवावे लागत नाही. त्याऐवजी प्रश्न असा विचारावा: एरी गाण्यात कधी शिरतात आणि कधी गप्प बसतात? डॉन एरी नवशिके नव्हते. ब्लॅकमोर यांच्या रेनबो बँडच्या 1979 च्या ‘डाउन टू अर्थ’ अल्बमवर त्यांचे वादन आहे, ऑझी ऑस्बर्न यांच्या ‘मिस्टर क्रोली’ या गाण्याची प्रसिद्ध सुरुवात त्यांचीच आहे, आणि 2001 मध्ये लॉर्ड यांच्या गुडघ्याला दुखापत झाली तेव्हा बँडच्या कार्यक्रमांत त्यांची जागा एरी यांनीच सांभाळली होती. लॉर्ड यांचा हॅमंडही पुढे त्यांच्याकडेच आला. इतका अनुभवी माणूस पहिल्या अल्बममध्ये कुठे पुढे येतो आणि कुठे आवरते घेतो, ते ‘सन गोज डाउन’ आणि शीर्षकगीत ‘बनानाज’ ही दोन गाणी शेजारीशेजारी ठेवून ऐकल्यास चांगले कळते. शीर्षकगीतात पायाने मात्रा मोजून पाहाव्यात आणि त्या चारांत बसतात का, हे स्वतःच ठरवावे. ज्यांना भजनाच्या ठेक्याची सवय आहे, त्यांना हा खेळ आवडेल.

तिसऱ्या वेळी जुन्या माणसांकडे कान द्यावा. संक्रमणकाळातील अल्बमविषयी मला जे सांगायचे आहे ते नेमके इथे आहे: नवा माणूस काय करतो यापेक्षा त्याच्या येण्याने जुनी माणसे कुठे सरकली, हे ऐकण्यात अधिक अर्थ आहे. गिलन यांनी अल्बम प्रकाशित होण्याच्या काही दिवस आधी वयाची 58 वर्षे पूर्ण केली होती. सत्तरच्या दशकातील त्यांच्या किंकाळ्या इथे शोधू नयेत. ते आता मधल्या पट्टीत, बोलल्यासारखे, शब्दांशी खेळत गातात, आणि ‘वॉक ऑन’सारख्या संथ गाण्यात ही गायकी तरुणपणीच्या गायकीपेक्षा मला जास्त भावते. पेस यांच्याविषयी थोडक्यात: ते डावरे आहेत, बँडच्या प्रत्येक अल्बमवर वाजवणारे एकमेव वादक आहेत, आणि त्यांचा ठेका झुलता आहे. बाकी सगळे बदलले असताना बँड ओळखू येतो तो त्यांच्यामुळे.

ग्लोव्हर यांच्याकडे पाहण्यासाठी अल्बमवरील श्रेयनामावली वाचावी लागते. आधीच्या अल्बमांच्या निर्मितीची जबाबदारी बरीचशी त्यांच्याकडे असे; या वेळी ती मायकल ब्रॅडफर्ड या बाहेरच्या अमेरिकन निर्मात्याकडे गेली आणि ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये झाले. ब्रॅडफर्ड केवळ काचेपलीकडे बसून राहिले नाहीत. ‘हाउस ऑफ पेन’ आणि ‘वॉक ऑन’ यांच्या रचनाकारांत गिलन यांच्या सोबत त्यांचे नाव आहे. ‘हाँटेड’मधील तंतुवाद्यांची रचना पॉल बकमास्टर यांची असून त्यात बेथ हार्ट यांचा पार्श्वस्वर आहे. या गाण्यावर जुने श्रोते बहुधा तुटून पडतात, ते फार गुळगुळीत आहे असे म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे वाटत नाही. परंतु ती गुळगुळीतपणाची तक्रार एरींकडे नव्हे, निर्मितीकडे वळवली पाहिजे. श्रेयनामावली वाचली नाही तर हा फरक करता येत नाही.

त्याच नामावलीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा दिसली. ‘पिक्चर ऑफ इनोसन्स’ आणि ‘आय गॉट युअर नंबर’ या दोन गाण्यांच्या रचनाकारांत जॉन लॉर्ड यांचे नाव आहे. वाजवले एरींनी, पण बांधणीत गेलेल्या माणसाचा वाटा आहे. केळीची पिलबाग धरणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. घड कापल्यावर जाणता शेतकरी आईचे खोड लगेच जमिनीसपाट करत नाही, कारण त्यातला रस काही काळ शेजारच्या पिलाकडे उतरत राहतो. कंद तोच असतो. पुढचा घड मात्र पिलाचा, आणि त्याचे वजन पिलाच्याच नावावर मोजले जाते. ही दोन गाणी ऐकताना दोन्ही हात वेगळे काढण्याचा प्रयत्न करावा. मला ते नेहमी जमत नाही.

शेवटची रचना

‘कॉन्टॅक्ट लॉस्ट’ ही बारावी रचना जेमतेम दीड मिनिटाची आहे आणि तिच्यात शब्द नाहीत. ती वगळून पुढे जाणारे बरेच आहेत, म्हणून तिच्यासाठी वेगळी सूचना देतो. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या अंतराळवीर कल्पना चावला या डीप पर्पलच्या चाहत्या होत्या. 16 जानेवारी 2003 रोजी ‘कोलंबिया’ यानातून त्या दुसऱ्यांदा अंतराळात गेल्या. त्यांनी सोबत नेलेल्या डिस्कमध्ये ‘मशीन हेड’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ हे दोन्ही अल्बम होते, आणि अंतराळातून त्यांचा बँडशी ईमेलने संपर्कही झाला होता. 1 फेब्रुवारी रोजी, जमिनीवर उतरण्याच्या सुमारे 16 मिनिटे आधी, यान तुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ती बातमी ऐकल्यावर मॉर्स यांनी ही रचना केली.

ही रचना अल्बमच्या क्रमानेच, आधीची अकरा गाणी ऐकून झाल्यावर ऐकावी. सुटी ऐकल्यास ती केवळ एक छोटी, उदास गिटारची धून वाटते. आधीच्या गाण्यांतील ड्रमचा, गायनाचा, ऑर्गनचा दाटपणा कानात असताना अचानक ती मोकळी जागा समोर येते, तेव्हाच तिचे नाव कळते. पूर्वतयारीसाठी मी वर जे दोन अल्बम सुचवले, ते कल्पना चावला यांनी नेलेल्या डिस्कवरूनच ठरवले आहेत, हे इथे कबूल करतो. एक ब्लॅकमोर यांच्या काळातला, एक मॉर्स यांच्या काळातला. वजनाचा हिशेब असलेल्या सामानात त्यांनी दोन्हींना जागा दिली होती.

मंडळीसह ऐकायचे असेल तर

आम्ही जळगावात चौघे-पाच जण अधूनमधून असे ऐकायला बसतो. त्या अनुभवावरून एकच नियम सांगतो: अल्बम चालू असताना ‘पहिल्यासारखे राहिले नाही’ हे वाक्य कोणी उच्चारायचे नाही. ते वाक्य खोटे असते असे नाही; परंतु ते उच्चारले की पुढची चर्चा 1972 मध्ये जाते आणि परत येत नाही. ज्याला तक्रार करायची असेल त्याने गाणे, ठिकाण आणि वाद्य सांगून करावी. ‘हाँटेड’च्या दुसऱ्या कडव्यात तंतुवाद्ये गायकाला झाकतात, अशी तक्रार केली तर गाणे पुन्हा लावून पाहता येते, आणि ती खरी आहे की नाही हे सर्वांना ठरवता येते. आमच्यातील एका सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने भुसावळच्या लोको शेडमधील सवयीने सर्व तक्रारींची वहीच ठेवली आहे. तीत सर्वांत जास्त नोंदी ‘रॅझल डॅझल’ या गाण्यावर आहेत, आणि त्या बहुतेक माझ्या हस्ताक्षरातल्या आहेत.

या तिन्ही फेऱ्या झाल्यावर आठवडाभर अल्बम बाजूला ठेवावा आणि मग याच पाच जणांनी 2005 मध्ये केलेला ‘रॅप्चर ऑफ द डीप’ ऐकावा. तिथे एरी पाहुण्यासारखे वागत नाहीत. ते घरच्यासारखे मध्येच बोलतात, प्रसंगी गिटारला मागे सारतात. तो ऐकून झाल्यावर त्याच रात्री, कूलर बंद ठेवून, ‘लेझी’ची सुरुवात पुन्हा एकदा लावावी.